साठीच्या वरचा रकाना

४ फेब्रुवारी

आजपासून मला खुर्ची. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, मीच तो मंजूर करत नव्हते. सव्वीस वर्षं कानाच्या विभागातली ड्रेसिंगची खोली माझी होती. ती आज धाकट्या सिस्टरच्या हवाली केली आणि नोंदींच्या खोलीत येऊन बसले. इथे एक टेबल, एक करकरणारा पंखा आणि दहा वर्षांच्या फायली. मोठे डॉक्टर म्हणाले, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. माणसाला अडगळीत टाकताना असंच बोलतात.

काम असं. ज्यांच्या कानामागच्या हाडात स्क्रू बसवून ऐकायचं यंत्र लावलंय, असे आमच्याकडे दोनशे बारा जण आहेत. स्क्रूवर कातडीतून बाहेर आलेली छोटी खुंटी, खुंटीवर चटकन बसणारी डबी. डबी आवाज पकडते आणि तो हाडातून आतल्या कानाला पोचतो. ज्यांचे कान सतत वाहतात, कानात काही घालता येत नाही, त्यांच्यासाठी ही सोय. पण कातडीतून धातू बाहेर काढला की कातडी कुरकुर करतेच. कुरकुरीचे आकडे ठरलेले आहेत: शून्य म्हणजे स्वच्छ, एक म्हणजे लाली, दोन म्हणजे ओल, तीन म्हणजे मांस वाढलं, चार म्हणजे काढून टाका. वयाप्रमाणे चार गट करायचे आणि कुणाला काय झालं ते रकान्यांत भरायचं. मे महिन्यात मोठे डॉक्टर परिषदेत ते वाचणार.

घरी ताईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मीपण तुझ्या फायलीत?" म्हटलं, हो, एकशे सत्त्याऐंशी नंबर. ताईला खुंटी बसवून चौदा महिने झाले. हसली आणि पुन्हा शिलाई मशीनवर वाकली.

९ फेब्रुवारी

बारा वर्षांखालची एक्केचाळीस मुलं संपली. चोवीस जणांना काही ना काही झालेलं. लहान कवटीचं हाड पातळ, स्क्रू धरून ठेवत नाही. एक मुलगी जिन्यावरून पडली आणि खुंटी स्क्रूसकट निघाली. आईनं ती कागदात गुंडाळून आणली होती, पडलेला दुधाचा दात आणावा तशी. पोरं वाढतात तशी कातडीही वाढते आणि खुंटीवर चढून बसते. मला यातली सगळी आठवतात. कोण ड्रेसिंगच्या आधी रडायचं, कोण नंतर, तेसुद्धा.

ताईच्या गिऱ्हाइकांची संख्या कमी झालीय असं वाटतं. विचारलं तर म्हणाली, आता डोळे थकले. ती एकाहत्तरची आहे, थकूच देत. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि ताई सतराची. माझा पहिला फ्रॉक तिनं शिवला, शाळेचा युनिफॉर्म तिनं, नर्सचा पहिला पांढरा ड्रेसही तिनंच. माझा संसार सात वर्षं टिकला, नंतर मी बॅग घेऊन परत तिच्याच दोन खोल्यांत आले. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. कपाटाचा एक कप्पा मोकळा करून दिला.

१७ फेब्रुवारी

बारा ते अठरा. तेहतीस जण, पंधरा जणांना त्रास. या वयाचा मुख्य आजार लाज. केसांनी झाकतात, त्या केसांना वाट्टेल ते चोपडतात, खुंटीभोवती ते साचतं, मग सूज. एकानं तर चार महिने डबी दप्तरातून बाहेरच काढली नव्हती आणि घरच्यांना वाटत होतं, पोरगं उद्धट झालंय, उत्तर देत नाही. ते वाचून एकटीच हसले.

ताईनं डोक्याला रुमाल बांधायला सुरुवात केलीय. वारा लागतो म्हणे. स्वतःच शिवलेला, निळा, कडेला बारीक टीप. चांगला दिसतो. मी म्हटलं, या वयात फॅशन सुचतेय. ती काही बोलली नाही. बहुतेक डबी लावली नव्हती.

२ मार्च

अठरा ते साठ, पंच्याहत्तर जण. एकवीस जणांना त्रास. सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड स्क्रूला नीट धरत नाही. घरोघरी पार्सलं पोचवणाऱ्या एका माणसाची खुंटी हेल्मेट काढता-घालता वाकडी झाली होती. तीन वेळा आला, तिन्ही वेळा हेल्मेट घालूनच आत शिरला. मी ओरडले की म्हणायचा, सिस्टर, तुमचा आवाज ऐकण्यासाठी तर मशीन लावलं.

घरात कसलासा कुबट वास येतोय. ताईच्या चिंध्यांच्या पिशव्या असणार. रविवारी सगळ्या बाहेर काढून झटकल्या. ताई ओशाळल्यासारखी उभी होती. उशीचे अभ्रे हल्ली रोज धुते. म्हटलं, एवढी स्वच्छता करतेस तर चिंध्याही आवर.

सकाळी निघताना तिनं विचारलं, तुला जरा वेळ आहे का. म्हटलं, संध्याकाळी. संध्याकाळी मीच विसरले आणि तिनंही काही काढलं नाही.

११ मार्च

आजचा दिवस माझा. साठीच्या वरचा रकाना पुरा झाला. त्रेसष्ट जण, आणि त्रास फक्त पाच जणांना. पाच! मुलांत निम्म्याहून जास्त आणि म्हाताऱ्यांत जवळजवळ कुणी नाही. दोनदा मोजलं. मला वाटायचं, वाळलेली कातडी, रक्तात साखर, ठिसूळ हाडं, यांचं सगळ्यांत वाईट असणार. पण शिस्त ती शिस्त. जुन्या माणसांना एकदा सांगितलं, दिवसातून एकदा मऊ ब्रशनं खुंटीभोवती साफ करायचं, की ती करतात.

शिवाय फोनची पद्धत माझी. दोन वर्षांपूर्वी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसायची. वयस्कर माणसं रिक्षा-बस करून दोन मिनिटांच्या तपासणीसाठी यायची. मीच सुचवलं, दर तीन महिन्यांनी फोन करायचा आणि तीन प्रश्न विचारायचे: लाली आहे का, पाणी येतं का, डबी रोज लावतात का. सगळं ठीक असेल तर यायची गरज नाही. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतं.

जेवताना ताईला तक्ता वाचून दाखवला, मोठ्यानं, बोट ठेवून ठेवून. म्हटलं, बघ, तुमच्या गटाला काही म्हणजे काही होत नाही. तुम्ही लोक पहिल्या नंबरानं पास. ताईनं माझ्या हातातून कागद घेतला आणि बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसली. "फक्त पाच?" म्हणाली. मी म्हटलं, फक्त पाच, आणि त्यातले दोघं आळशी. मग तिनं ताट उचललं. अर्धं तसंच होतं.

१२ मार्च

मोठे डॉक्टर खूष. म्हणाले, सिस्टर, या आकड्यावर आता सत्तरीच्या माणसालाही बेधडक ऑपरेशन सुचवता येईल. मी पाठ थोपटून घेतली. खोटं कशाला बोलू, आवडलं मला.

१९ मार्च

ताईशी भांडण. डबी ड्रॉवरमध्ये सापडली, बॅटरी काढलेली. कधीपासून लावत नाहीस, विचारलं. बॅटरी संपली म्हणाली. नवीन बॅटऱ्यांचं पाकीट शेजारीच पडलेलं. मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, तुझ्यामागे लागून लागून ऑपरेशन करवलं, सुट्ट्या काढल्या, पहिले दोन महिने रोज मी साफ केलं, आणि तू डबी ड्रॉवरमध्ये टाकतेस? परत मी घसा फोडायचा का?

ती म्हणाली, "तुझा घसा मला दिसतो गं."

आता लिहिताना वाटतंय, ऑपरेशन करवलं ते तिच्यासाठी की माझ्या घशासाठी, याचा हिशेब मी कधी नीट केला नाही. तिच्यासाठीच केलं. निम्मं तरी.

२४ मार्च

मशीनवाली येऊन गेली. म्हणजे आमची ऐकण्याच्या तपासणीची बाई, डब्या जुळवून देते ती. तिशीची आहे, बोलणं सरळ, जरा जास्तच सरळ. तक्ता बघितला आणि म्हणाली, "सिस्टर, साठीच्या वरचे फोन कोणी उचलले?"

मी म्हटलं, पेशंटनं, दुसरं कोण उचलणार.

"खुंटीवाल्या माणसाला फोन कानाला लावता येत नाही. डबीजवळ धरावा लागतो, तोही सगळ्यांना जमत नाही. आणि डबी लावलेली नसेल तर घंटाच ऐकू येत नाही."

मी तिला म्हटलं, आम्हाला शिकवू नकोस, तू शाळेत होतीस तेव्हापासून मी कान धुतेय. ती निघून गेली. मग मी बराच वेळ पंख्याचं करकरणं ऐकत बसले. बहिऱ्या माणसांची चौकशी आम्ही दोन वर्षं टेलिफोनवरून करत होतो. एवढ्या मोठ्या विभागात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि पद्धत माझी.

२५ मार्च

फोनचं रजिस्टर मागवलं. त्यात एक बारीक रकाना आहे, "कोण बोललं". तो मी तक्त्यात घेतला नव्हता, जागा पुरत नव्हती म्हणून. सून. मुलगा. सून. शेजारी. नातू. मुलगी, घाईत. सून. घरमालक. "स्वतः" असं त्रेसष्टात चार ठिकाणी. त्रास निघालेले पाच म्हणजे हे चार, आणि एक म्हातारे ज्यांना मुलगा स्वतः घेऊन आला होता. बाकी सगळीकडे एकच शब्द. ठीक. ठीक. ठीक.

पान उलटत एकशे सत्त्याऐंशीवर आले. कोण बोललं: बहीण, आपल्याच सिस्टर. ठीक. तीन महिन्यांनी पुन्हा: आपल्याच सिस्टर. ठीक. तिसऱ्यांदाही.

तिन्ही वेळा मला आठवतात. म्हणजे काहीच विशेष घडलं नव्हतं, म्हणून आठवतात. धाकटी सिस्टर रजिस्टर घेऊन बसायची, मी कुणाचा तरी कान धूत असायची. ती तिकडूनच विचारायची, सिस्टर, तुमच्या ताईंचं काय लिहू? आणि मी मान न वळवता म्हणायची, ठीक लिही.

मी शेवटची खुंटी बघितली तेव्हा टाके काढून दोन महिने झाले होते. त्याला वर्ष झालं.

२६ मार्च

काल रजिस्टर बंद करून अर्धी रजा टाकली आणि घरी आले. दुपारचे तीन वाजले होते. ताई खिडकीशी बसून एक बाही उसवत होती. समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, रुमाल सोड. तिनं विचारलं, आज लवकर कशी. पुन्हा म्हटलं, रुमाल सोड, ताई.

रुमालाच्या आत कापसाची घडी होती, घडीच्या आत फडक्याची, सगळं बारीक टिपेनं रुमालालाच शिवून टाकलेलं, म्हणजे हलू नये. काढल्याबरोबर वास आला. चिंध्यांचा नव्हता. ज्या वासात मी सव्वीस वर्षं नोकरी केली, तोच वास माझ्या घरात महिनाभर फिरत होता आणि मी पिशव्या झटकत होते.

खुंटी दिसतच नव्हती. चहूबाजूंनी लाल मांस चढलेलं, मध्ये पू. हातमोजा घालून हलकेच दाबलं तर आतला स्क्रू बोटाखाली हलला. ताईनं डोळे मिटले, पण आवाज काढला नाही.

विचारलं, किती दिवस? पाच महिने. ब्रश? तिनं उजवा हात उचलून दाखवला. कानापर्यंत गेला, मागे वळेना. खांदा आखडलाय. आयुष्यभर मशीन चालवून अंगठ्याच्या मुळाशीही सांधा सुजलाय, ब्रश धरता येत नाही. हे मला माहीत होतं. खांद्याला तेल मीच लावून देते. ब्रश मीच हातात दिला होता, आता तुझं तू कर म्हणून. या दोन गोष्टी एका घरात, एकाच बाईच्या अंगावर होत्या आणि मी त्या कधी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत.

"मला सांगायचं नाहीस का?" मी ओरडून विचारलं. ओरडावंच लागतं.

"सांगणार होते. मग तू तो कागद दाखवलास. म्हटलं, सगळ्या म्हाताऱ्यांना जमतं, आपल्यालाच जमलं नाही. लाज वाटली." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि तू दिवसभर तेच बघून येतेस. घरी आल्यावरही कुणाचा कान दाखवायचा."

मी ड्रेसिंग केलं.

२८ मार्च

मोठ्या डॉक्टरांनी बघितलं. चार. स्क्रू काढायचाच. हाडाचा फोटो बघून म्हणाले, या बाजूला हाडच फारसं उरलं नाही, पुन्हा बसवता येणार नाही. दुसऱ्या बाजूचं विचारलं तर मान हलवली. या वयात, या साखरेवर, मी सुचवणार नाही म्हणाले. सोळा दिवसांपूर्वी ते बेधडक म्हणत होते, पण तेव्हा त्यांच्यासमोर माझा आकडा होता.

कागदावर कारण लिहावं लागतं. त्यांनी मोठ्यानं विचारलं, रोज साफ करत होतात का? आणि ताई म्हणाली, "नाही डॉक्टर. माझीच हयगय झाली. हिनं मला सगळं शिकवलं होतं. मीच केलं नाही."

डॉक्टरांनी लिहिलं: रुग्णाची हयगय.

मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. तिच्या खांद्यावर माझा हात होता, त्याच आखडलेल्या खांद्यावर. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. मनात आलं ते असं की आत्ता नको, तिला आधीच ताण आहे. लिहून वाचलं तर हे कारण मलाच पटत नाही. दारात धाकटी सिस्टर उभी होती, आणि तिच्यासमोर मला लहान व्हायचं नव्हतं.

१ एप्रिल

काढला. वीस मिनिटं लागली. मी आत गेले नाही. बाहेरच्या बाकावर बसले, इतर नातेवाईक बसतात तिथे. सव्वीस वर्षांत त्या बाकावर पहिल्यांदाच बसले. फार कडक आहे.

६ एप्रिल

साठीच्या वरच्या सगळ्यांना पत्रं पाठवतेय. मोठ्या अक्षरांत, हातानं लिहिलेली. फोन नाही. या, आम्हाला तुम्हाला बघायचंय, येता येत नसेल तर कळवा, आम्ही येऊ. मशीनवाली दुपारी येऊन पाकिटं चिकटवते. तिनं एकदाही "मी म्हटलं होतं" म्हटलं नाही. मी असते तर म्हटलं असतं.

पत्ते पडताळताना एक आजोबा निघाले, ज्यांना जाऊन सात महिने झालेत. त्यांच्यापुढे फेब्रुवारीत "ठीक" लिहिलंय. मुलाला विचारलं तर म्हणाला, तुमच्या सिस्टरनं विचारलं लाली आहे का, पाणी येतं का. मी म्हटलं, नाही. मग त्यांनी फोन ठेवला. मशीनवालीला हसू आलं, मलाही आलं, आणि मग दोघींनाही एकदमच आवरलं.

८ एप्रिल

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. आकडे पाठवून झालेत म्हणाले, आधी कपाळाला आठ्या. मी रजिस्टरचा तो रकाना त्यांच्यासमोर उघडला आणि "आपल्याच सिस्टर"वर बोट ठेवलं. म्हटलं, डॉक्टर, या शब्दावर तुमचा तक्ता उभा आहे. आणि दुसरं, ताईच्या कागदावरचं कारण बदला. ज्या हातानं ब्रश मागे पोचत नाही त्या हातात मी ब्रश दिला आणि वर्षभर बघितलं नाही. हयगय माझी आहे. त्या दिवशी मी गप्प बसले, तेही लिहा हवं तर.

मग त्यांनी कारण खोडलं, नवीन लिहिलं आणि सही केली. तक्त्यात साठीच्या वरच्या रकान्यात आता आकडा नाही. "माहिती विश्वासार्ह नाही, तपासणी सुरू" एवढंच. बाहेर येताना धाकटी सिस्टर दारात होती. तिनं सगळं ऐकलं असणार. तिनं माझ्यासाठी दार धरलं.

ताईला हे सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ही गोष्ट ओरडून कशी सांगायची ते सुचलं नाही.

२१ एप्रिल

माणसं येताहेत. कुणी सुनेला घेऊन, कुणी शेजाऱ्याला. एक आजी टोपी घालून आल्या, एकीनं केसांचा अंबाडा बाजूला ओढून बांधलेला, एका आजोबांनी खुंटीवर पट्टी आणि पट्टीवर पट्टी चिकटवलेली. प्रत्येकाची झाकायची तऱ्हा वेगळी. आणि प्रत्येकजण आत आल्या आल्या माफी मागतो. माझंच चुकलं हो सिस्टर. माझ्याच्यानं होत नाही. मुलांना कशाला त्रास म्हणून बोललो नाही. आतापर्यंत तीस जण झाले, एकोणीस जणांना त्रास. तिघांची खुंटी वाचेल असं वाटत नाही. बाकीच्यांची वाचेल, आले म्हणून.

मी पुन्हा उभ्यानं काम करतेय. गुडघे शिव्या देतात. प्रत्येकाला आधी हात वर करायला लावते, मागे वळतो का बघते. मगच ब्रशचं बोलते. नाही वळला तर सोबत आलेल्या माणसाला शिकवते, आणि त्याच्याकडून माझ्यासमोर करवून घेते. एवढं साधं होतं.

२ मे

ताईची जखम भरली. कातडी गुळगुळीत, मध्ये एक खळगा. मशीनवाली घरी आली होती. तिनं सांगितलं, हाडात काही न बसवताही कपाळावर पट्टा बांधून डबी लावता येते, आवाज थोडा कमी येईल पण येईल. ताईनं पट्टा लावूनही बघितला नाही. डबी रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिली. म्हणाली, एखाद्या पोराला द्या, त्याला पुष्कळ ऐकायचं असेल. मी मध्ये पडले, चिडले, गयावया केली. ताईनं फक्त हात हलवला. पुन्हा काही झालं की तुला पुन्हा तेच, म्हणाली. मशीनवालीनं माझ्याकडे बघितलं आणि डबी घेतली.

३ मे

रविवार. सकाळी चहा झाल्यावर ताई काजं करायला बसली आणि मी तिच्यासमोर स्टूल ओढलं. म्हटलं, आज सांगायचंच. डॉक्टरांकडे बोललेलं सांगितलं. कागद बदलला तेही. तिनं हात कानामागे नेला, जेवढा जातो तेवढा, आणि विचारलं, काय?

मग मी ओरडले. माझं चुकलं, ताई. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीचा पडदा बाजूला करून बघितलं. मी अजून मोठ्यानं म्हटलं. माझं चुकलं. मला दिसायला हवं होतं. खालून कुणीतरी जिन्यात थांबल्याचं कळलं. थांबू दे. ज्यांच्यासमोर मला लहान व्हायचं नव्हतं त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"कळलं मला," ताई म्हणाली. "पहिल्या वेळेलाच कळलं, तोंडावरून. ओरडू नकोस."

"ओरडले नाही तर तुला ऐकू कसं येणार?"

तिनं सुई कापडात टोचून ठेवली. "ओरडलीस की तुझा आवाज कुणाचाही वाटतो. हळू बोलतेस ना, तेव्हा तो आईचा असतो."

मला कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग तिनं सांगितलं. ऑपरेशनच्या आधी मशीनवालीनं तिच्या कपाळाला पट्टा बांधून डबी लावून दाखवली होती. तेव्हा मी पलीकडच्या टेबलाशी कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते, काय ते तिला आठवत नाही, मलाही नाही. तिला वाटलं, आई आतल्या खोलीत बोलतेय. पन्नासाहून जास्त वर्षांनी. "म्हणून हो म्हटलं मी. तुझी भाषणं कुठे ऐकली होती? बहिरीच होते." हसली. "नऊ महिने ऐकला की तो आवाज. पुष्कळ झालं. पट्ट्यावर अर्धामुर्धा कशाला ऐकायचा."

आईचा आवाज मला आठवत नाही. तो माझ्या गळ्यात आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ताईला नऊ महिने तो ऐकू येत होता, आणि त्या नऊ महिन्यांत मी हळू आवाजात तिच्याशी काय बोलले ते सकाळपासून आठवतेय. उशीर झाला. किल्ली दे. मी जेवून आलेय. संध्याकाळी बघू. याखेरीज काही सापडत नाही.

मी तिचे दोन्ही हात धरले. तिला म्हटलं, सांग, मी काय करू. ओठ सावकाश हलवून विचारलं, तेवढं तिला कळतं.

"बोल ना हळूच काहीतरी," ताई म्हणाली. "मला ऐकू नाही आलं तरी चालेल."

मग मी बोलले. बराच वेळ बोलले, अगदी हळू, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन. ती डोळे मिटून बसली होती, त्यामुळे ओठही तिनं बघितले नाहीत. काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण ते तिलाही कळलेलं नाही.